फोटोतलं तिचं नाव

घरापासून दूर दक्षिणेत, वेलचेरी भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो. ती कोल्हापूरची, मी नाशिकची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात होतो. ती खरेदी विभागात, मी क्वालिटीत. तिने हौसेने छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता. रविवारी जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर बोटींचे फोटो काढायला जायचो.

आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवतात तिथे, एका मशीनची हात वाचवणारी जाळी काढून ठेवली होती. जाळी नसली की काम भराभर उरकायचं. सुपरवायझरला मी दोनदा सांगितलं, तो दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाला. मग एक दिवस त्या मशीनवरच्या बाईची बोटं थोडक्यात वाचली.

मंगळवारी मी मैत्रिणीचा कॅमेरा मागून घेतला, कशाला ते सांगितलं नाही. ती त्या दिवशी रजेवर होती. कारखान्यात कॅमेऱ्याला बंदी, म्हणून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवला. गेटवर वॉचमनने पिशवीला नुसता हात लावला आणि आत सोडलं. जाळी नसलेल्या मशीनचे तीन फोटो काढले. संध्याकाळी मैलापूरला इंटरनेट कॅफेत बसून नवा ईमेल पत्ता उघडला आणि मुख्य कार्यालयाला पाठवून दिले. खाली नाव लिहिलं नाही.

शुक्रवारी ती घरी आली आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसली. प्लांटच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं होतं. स्क्रीनवर मी मुख्य कार्यालयाला पाठवलेला फोटो होता आणि शेजारच्या चौकटीत कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं आणि मालक म्हणून तिचं पूर्ण नाव. कॅमेरा नवा असताना कॉम्प्युटरला जोडून तिनेच ते भरलं होतं. प्रत्येक फोटोबरोबर ते नाव जातं, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

“मी रजेवर होते हे त्यांना कळलंय,” ती म्हणाली. “कॅमेरा कोणाकडे होता, एवढंच विचारतायत. उद्या सकाळपर्यंत सांगायचंय.”

“तू काय सांगितलंस?”

“आठवत नाही म्हणाले.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला खोटं बोलता येत नाही गं. उद्या पुन्हा विचारलं तर सांगून टाकेन.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळी तिच्या आधी निघाले आणि साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहिले. आत गेल्यावर उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, थेट माझ्याकडे का आला नाहीत? सुपरवायझरला दोनदा सांगितल्याचं मी बोलले.

जाळी सोमवारी बसली. मला लेखी ताकीद मिळाली आणि क्वालिटीतून स्टोअरमध्ये बदली झाली. तिला कोणी काही केलं नाही, पण खरेदी विभागातले लोक बरेच दिवस तिच्यासमोर जपून बोलत.

वर्षअखेरीस ती दुसरीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. निघताना एवढंच म्हणाली, की कॅमेरा कशासाठी हवाय ते सांगितलं असतंस तरी मी दिला असता.