आत्याचा राजा

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवते आणि उरलेल्या वेळात एका राजाला छळते. हा राजा तिच्या कादंबऱ्यांतला. चार भाग झाले. त्यात उडते घोडे आहेत, बोलणारे डोंगर आहेत आणि वाचक म्हणतात, हा सत्तेचा आणि न्यायाचा शोध आहे. कसला शोध न् कसलं काय! राजा म्हणजे माझे बाबा.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आत्यानं ठरलेलं लग्न मोडलं आणि आजीचं सगळं केलं. आजी गेली आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी घराचं कुलूप बदललं. आत्याचं सामान जिन्यात. वर म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच. तेव्हापासून आत्या लिहायला लागली.

पुढे दात पडल्यावर बाबा लाज सोडून तिच्याकडेच कवळीला गेले. तिनं कवळी चोख बनवली आणि जबडा राजाला देऊन टाकला. तोच पुढे आलेला खालचा ओठ, तेच डावीकडून चावणं, खोटं बोलण्याआधी जिभेनं दात चाचपणं. सगळ्या नातेवाइकांनी ओळखलं. बाबांना मात्र वाटतं, आपण त्यातले शूर सेनापती.

पाचवा भाग शेवटचा. त्यात राजा बहिणीच्या दारात येऊन माफी मागतो. आत्यानं मला आधीच सांगितलं होतं की हे प्रकरण छापण्याआधी दादाला वाचायला देणार, आणि त्यानं चुकलो एवढं जरी म्हटलं तरी राजा सुटला. खरं सांगते, मला तो सुटायला नकोच होता.

बाबांनी वाचलं, डोळे पुसले आणि राजाचं तोंडभरून कौतुक केलं.

"आणि तू?" आत्यानं विचारलं.

बाबांनी जिभेनं दात चाचपले. "मी काय केलंय?"

आत्यानं ते प्रकरण तिथल्या तिथे फाडलं. आता पुस्तकात म्हातारा राजा बहिणीचं दार ठोठावत राहतो आणि ती आत निवांत जेवत बसते. वाचून माझं काळीज थंड झालं.

बाबांनी पुस्तक एका बैठकीत संपवलं. जेवले नाहीत. मग आत्याला फोन लावला. मी शेजारीच होते.

"अगं, हा राजा... मी आहे का?"

"हो रे दादा," आत्या म्हणाली. "चार भाग वाट पाहिली तुझी. आता छापून झालं."