दोन ओळी ॲस्परॅगसच्या

तोडलं की पुन्हा येतं, या एका समजुतीवर मी नातीचा अख्खा हंगाम साफ केला. तेव्हा मी जेमतेम साठीची. अक्कल यायची होती, पण ती आलीच आहे अशा तोऱ्यात मळ्यात फिरायची.

नात अकोल्याला शेतीचं शिकत होती. अनसिंगजवळच्या आमच्या मळ्यात, मेथीच्या पलीकडे, तिच्या ॲस्परॅगसच्या, म्हणजे कोवळे कोंब खायच्या त्या विलायती भाजीच्या, दोन ओळी होत्या. जमिनीत थर्मामीटर खुपसायची, मुळाचा तुकडा ठेचून रसातली साखर मोजायची आणि पुढच्या आठवड्यात कोंब कसे येतील ते कॉम्प्युटरवर मांडायची. तो अंदाज जुळला तरच तिचा अभ्यास पुरा होणार होता.

जाताना म्हणाली, "आजी, आता कोंब तोडू नको. वर जाऊन पिसारा फुटू दे त्याले. त्याच्यानंच मुळात साखर भरते."

"व्हय वं बाई," मी म्हणाले.

मग ऊन तापलं. सकाळी बोटभर दिसलेला कोंब संध्याकाळी वीतभर! माझ्या हाताला भेंडी-गवारीची सवय. तोडा चुकला की झाड थांबतं, हे माहेरापासून शिकलेलं. रोज विळ्याने एक जुडी तोडायची आणि बेसन पेरून भाजी करायची. शेजारणीलाही वाटीभर दिली, तर ती म्हणते, "काय वं, बांबूचे पिल्लं खाऊन राह्यली का?"

हळूहळू कोंब आगकाडीएवढे बारीक झाले. मी पाणी वाढवलं. शहाणीच!

नात आली आणि ओळी बघून तिचं तोंड उतरलं. "माया अंदाजात अंगठ्याएवढे कोंब हायेत. हे काहून असे?" जेवण सोडून ती गणित तपासत बसली. शेवटी मलाच राहवेना.

"पोरी, मीच तोडून खाल्ले. उन्हात भराभरा वाढून राह्यले होते, मले वाटलं…"

"ऊन म्हंजे चुलीचा जाळ, आजी. जाळ वाढवला म्हून डब्यातलं पीठ वाढते का?"

तिने रोजची ती जुडी गणितात घातली. पडद्यावरची रेघ उतरत उतरत थेट आगकाड्यांवर येऊन टेकली. गणित बरोबरच होतं. मग ती इतकी हसत सुटली की मलाच राग आला.

"हासतं काहून वं?"

"आजी, मी ऊन धरलं, साखर धरली, तुलेच धरायचं राह्यलं! आता तो इळा मायाजवळ दे."