परदेशी मरळ

आमचे हे माझगावच्या गोदीतून निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक मासा घेऊन घरी आले. बोटाएवढा, तांबडाभडक, अंगावर दोन काळे पट्टे. दुकानदाराने त्याला लाल मरळ म्हटलं होतं. परदेशातली जात, असंही सांगितलं होतं. किती मोठी होते ते मात्र त्याने सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही.

टाकीत आधीचे चार गोल्डफिश होते. ते महिनाभरात एकेक करून संपले. मग मरळ एकटीच राहिली आणि वाढत गेली. तांबडा रंग गेला, पाठ काळी-निळी झाली, पोटाखाली पांढरे ठिपके आले. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची झाली, तेव्हा ह्यांनी लोखंडी अँगल वेल्ड करून दिवाणखान्याच्या भिंतीएवढा स्टँड केला आणि त्यावर नवी काचेची टाकी आणून बसवली. वर जाळीचं झाकण, त्याला चार क्लिपा. कारण एकदा ती उडी मारून बाहेर पडली होती आणि सोफ्याखाली सापडली होती, जिवंत. मरळ हवेतून श्वास घेते. पाण्यात असली तरी थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते.

मला ती आवडत नव्हती. आम्ही मालवणकडची माणसं, मासा ताटात पाहायची सवय. पण ह्यांचा जीव होता तिच्यावर. हे समोर बसले की ती काचेशी येऊन थांबायची. मी गेले की मागे जायची.

हे गेले ते अचानक, दुपारी जेवून आडवे झालेले असताना. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी हैदराबादहून आली होती, दीर गावाहून आले होते. मग सगळे आपापल्या घरी गेले. लालबागच्या त्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, मी आणि ती मरळ उरलो.

तिने खाणं सोडलं होतं. कोळंबी टाकली तर तळाशी पडून राहायची, मग कुजायची, आणि मला ती जाळीने काढावी लागायची. ह्यांच्यासारखं चिमट्यात धरून द्यावं म्हणून मी स्टुलावर चढून बसू लागले. बसल्या बसल्या बोलायचे. दुसरं कोण होतं बोलायला? लाइट बिल आलं, समोरच्यांनी दाराला नवी जाळी बसवली, असलं काहीबाही. एका सकाळी चिमट्याला जोरात हिसका बसला आणि कोळंबी गेली. मी स्टुलावरच रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडू आलं ते तेव्हा.

त्यानंतर रोज बाजारात जायचं निमित्त झालं. तिच्यासाठी कोळंबी, मांदेली. स्वतःसाठी मी वरणभात लावायचे. एकटीसाठी वाटण कोण वाटणार? रविवारी पाइप लावून टाकीतलं अर्धं पाणी मोरीत सोडायचं, फिल्टर धुवायचा, ताजं पाणी भरायचं. गुडघे दुखायचे, पण रविवार जायचा.

मुलीचा आग्रह सुरू झाला. "आई, इकडे ये राहायला. तिथे एकटी काय करतेस?"

"मरळ आहे ना," मी म्हणायचे.

आधी ती हसायची, नंतर हसेनाशी झाली. "तिची काहीतरी सोय लाव. बाबा असते तर त्यांनी तुला असं अडकू दिलं नसतं."

मासा आणला त्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "एवढी मोठी कोण घेणार, काकी? लोक कंटाळले की तलावात सोडून येतात." दिरांना फोन केला तर ते लगेच म्हणाले, "वयनी, तिका हंय घेवन ये. देवळामागच्या तळ्यात सोडूया. ऱ्हवात बिचारी आरामात."

मला फार बरं वाटलं. त्या तळ्यात कमळं आहेत, पायऱ्या आहेत. नवी नवरी म्हणून गेले तेव्हा तिथेच पाय धुतले होते. मुलीला कळवलं, गणपतीला गावी जाऊन येते, मग तुझ्याकडे. मोठं पिंप आणलं, टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं.

नेताना वाटेत ती जगेल कशी हे कोणाला तरी विचारावं, म्हणून माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या नवऱ्याला बोलावलं. ते मत्स्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राहायला शिवाजी पार्कला. ते आले, बराच वेळ टाकीसमोर उभे राहिले.

"नेणार कुठे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"त्या तळ्यात आत्ता काय आहे?"

"बारके मासे. बेडूक. कोणाची तरी बदकं असतात."

"पावसात भरून वाहतं का?"

"वाहतं की. ओढ्याला मिळतं, ओढा पुढे नदीला."

ते खुर्चीत बसले. "वहिनी, ही तिथली नाही. हिला तिथे कोणी खाणारा नाही आणि ही सगळ्यांना खाईल. बारके मासे, बेडूक, बदकाची पिल्लंसुद्धा. पाऊस आला की ओढ्यात उतरेल."

"एकच तर आहे हो."

"प्रत्येकाकडे एकच असते," ते शांतपणे म्हणाले. "सोडणारे मात्र पुष्कळ असतात. दोघांनी एकाच पाण्यात सोडल्या आणि जोडी जमली तर पिल्लं होतात. नर-मादी दोघंही पिल्लांची राखण करतात, म्हणून ती जगतातही खूप. मग त्या पाण्यातले आधीचे मासे परत येत नाहीत."

"मग मी करू काय?"

"सांभाळा. नाही जमलं तर मारावी लागेल. लवंगेच्या तेलाने झोपेतच जाते. मी येईन मदतीला."

उभ्या आयुष्यात मी किती बांगडे कापले असतील. पण त्या वाक्यानंतर मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

गणपतीला मी एकटीच गेले, दोनच दिवसांसाठी. तळ्याच्या पायरीवर बसले, पाण्यात बारके मासे पायाच्या बोटांना टोचत होते. दीर म्हणाले, "हाडूक नाय?" मी म्हटलं, नाही आणली, राहू दे.

मरळ घरीच आहे, तेव्हा हैदराबादला येणं जमणार नाही, असं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "एका माशासाठी, आई?" मी हो म्हटलं. नंतर तिचे फोन कमी झाले. येत होते, पण कमी.

पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही दोघी राहिलो. आता मी स्टुलावर चढायच्या आधीच ती वर यायची. मग तिच्या जबड्याखाली गाठ आली. खाणं सुटलं, अंग एका बाजूला कलू लागलं. हवेसाठी वर यायलाही तिला कष्ट पडू लागले. ते पाहवेना, तेव्हा मीच प्राध्यापकांना फोन केला.

ते सकाळीच आले. पिंपात पाणी घेऊन तेल फेसून घातलं. घरभर लवंगेचा वास पसरला. "ही हवा घेते, त्यामुळे वेळ लागेल," ते म्हणाले. त्यांनी जाळीने तिला पिंपात उतरवलं आणि मी आत हात घालून तिच्या पोटाखाली धरला. इतक्या वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता. बुळबुळीत, जड, थंड होती. हळूहळू ती माझ्या हातावर टेकली. प्राध्यापकांनी खूप वेळ थांबून मान हलवली. वॉचमनला सांगून आम्ही तिला सोसायटीच्या बागेत खोल पुरलं.

दिवाळीत मी हैदराबादला गेले. मुलीने माझ्यासाठी खोली लावून ठेवली होती, नवी चादर, खिडकीत तुळस. सगळे चांगले वागले, कोणी मला कशाला हातही लावू दिला नाही. महिन्याने मी परतीचं तिकीट काढायला सांगितलं.

"आता तिथे कोण आहे तुझं?" मुलीने विचारलं.

"घर आहे," मी म्हटलं. तिने तिकीट काढलं, स्टेशनवर सोडायलाही आली.

टाकी मी स्टँडसकट देऊन टाकली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून हल्ली कधीकधी सकाळी शिवाजी पार्कला जाते. एक फेरी मारते आणि कट्ट्यावर बसते. शेजारी कोणी येऊन बोललं तर बोलते. नाहीतर ऊन वर येईपर्यंत तशीच बसून राहते आणि मग बस पकडून घरी येते.