भाऊजींचा भविष्यनिर्वाह

म्हातारपणाच्या इतक्या प्रेमात पडलेला तरुण माणूस मी माझ्या भाऊजींखेरीज दुसरा पाहिलेला नाही. ताईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ते तिशीच्या अलीकडेच होते, आणि त्या वयाची माणसं सिनेमातल्या नट्यांबद्दल ज्या सुरात बोलतात त्या सुरात ते साठाव्या वर्षाबद्दल बोलत. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांची एक कंपनी होती, तिथे ते बॉयलरवर होते. पेणहून कंपनीची बस सुटे. ती यायच्या बऱ्याच आधी ते नाक्यावर डबा घेऊन उभे असत आणि शेजारी जो कुणी नवा पोरगा उभा असेल त्याला नाव-गाव विचारायच्या आधी विचारत, "पीएफ कापतात ना?" कापतात म्हटलं की त्यांचा चेहरा खुले. किती कापतात ते ठाऊक नाही म्हटलं की त्या पोराची रोह्यापर्यंत सुटका नसे. नागोठणं येईतो त्याला समजलेलं असे की आपल्या पगारातून जेवढे कापतात तेवढेच कंपनीलाही आपल्यासाठी भरावे लागतात. आणि रोहा दिसू लागेपर्यंत हेही समजलेलं असे की आपण स्वतःहून सांगितलं तर आपले आणखीही कापून घेतात. ही शेवटची सोय ऐकली की बहुतेक पोरं खिडकीबाहेर बघायला लागत.

लग्नातसुद्धा त्यांना दम निघाला नव्हता. आमचे एक काका आहेराचं पाकीट घेऊन मांडवात त्यांच्यापुढे उभे राहिले, तर नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून विचारलं, "काका, रिटायर व्हायला किती राहिली?" काका पुढे कितीतरी वर्षं हा प्रश्न अपशकुन म्हणून सांगत असत.

पगारवाढ झाली तर ती घरी आणायची नाही, हा भाऊजींचा नियम होता. वाढ हातात पडण्याआधीच ते ऑफिसात जाऊन तेवढी कपात वाढवून घेत. घराला वाढीव पगाराचा वास लागला की घराची भूक वाढते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ताईच्या समजुतीप्रमाणे तिच्या नवऱ्याला लग्नापासून एक पैशाची बढती मिळालेली नव्हती, आणि ती बिचारी त्यांच्यासाठी सोमवार करत होती. शेवटी एका हळदीकुंकवाला बॉयलरवरच्याच दुसऱ्या एका माणसाच्या बायकोने तिचं अभिनंदन केलं. ताई घरी आली. दुसऱ्या दिवसापासून तिने लग्नाच्या वर्षीच्या पगारात बसेल असा स्वयंपाक सुरू केला. भात, पातळ आमटी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मासळी बंद, दुधाचा चहा बंद. भाऊजी आठवडाभर मुकाट जेवले आणि शनिवारी हात धुताना म्हणाले, "हल्ली पोट कसं हलकं वाटतं. असंच चालू दे." ताईने मला निरोप धाडून बोलावून घेतलं. मी घाबरून गेलो, तर ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती.

मला नागोठण्याला नोकरी लागली तेव्हा पहिला पगार व्हायच्या आत भाऊजी मला फिरायला घेऊन गेले. मी मनातल्या मनात मोटारसायकलचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. चालता चालता त्यांनी मला सांगितलं की, आधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी राहील असा बाजूला टाक, कारण दुखणं विचारून येत नाही. मग पीएफची कपात वाढव. नोकरी बदललीस तर तो पैसा काढून खाऊ नकोस, नव्या जागी वळवून घे. हे सगळं करून थोडं उरलं तर दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाक, पण तो वर गेला की खाली आला ते रोज पेपरात बघत बसू नकोस. "भात चढवल्यावर सारखं झाकण काढून बघणाऱ्या बाईचा भात कच्चा राहतो," ते म्हणाले. मी विचारलं, मग मोटारसायकल कधी घेऊ? त्यावर ते म्हणाले, "घे की. पण उरलेल्यातून घे. आधी मोटारसायकल घेऊन मग उरलेलं शिल्लक टाकणारा माणूस मला अजून भेटायचाय." मी तीन वर्षं एसटीने गेलो-आलो आणि त्या काळात त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी त्यांना कंजूस म्हणणं अन्यायाचं होईल. पाहुणा आला की त्यांच्या घरी सुरमईच व्हायची. शेजारच्याला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा तेच करत आणि तेच भाडं देत. फक्त पीएफला हात लावायचा म्हटलं की त्यांचा चेहरा देव्हाऱ्यात चपला घालून कुणी शिरल्यासारखा होई.

आणि नेमका तिथेच ताईने हात घातला.

पेणेत आमच्या आळीतल्या बायका गणपतीच्या कारखान्यांसाठी मूर्ती रंगवतात. ताईचा हात आखणीचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढण्याचा. ते काम कुणालाही देत नाहीत. एक रेघ हलली तर देव तिरळा होतो. ताई कुंचला उचलायची, श्वास धरायची आणि मातीचा गोळा एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. पण मजुरी मिळे ती नगावर, आणि मूर्तीवर नाव कारखान्याचं. मुलगी दहावीला गेली त्या वर्षी ताई भाऊजींना म्हणाली की हमरापूरकडून प्लास्टरच्या कच्च्या मूर्ती आणून मला माझा स्वतःचा कारखाना काढायचा आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत छप्पर घालायचं, मूर्ती आणायच्या, रंग आणायचे. पैसा कुठून, असं भाऊजींनी विचारलं, आणि ताई फक्त त्यांच्याकडे बघत राहिली.

भाऊजी नाही म्हणाले. मग समजावून नाही म्हणाले. मग दोघांचं बोलणं बंद झालं. मला मध्यस्थीला बोलावलं होतं म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. भाऊजी सांगत होते की तो पैसा म्हातारपणाचा आहे, धंदा म्हणजे जुगार, पाऊस लांबला तर सगळं मातीत जाईल. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही साऱ्या गावाला सांगता, पैसा वाढेल अशा जागी ठेवावा. मग एकदा माझ्या हातात ठेवून बघा ना."

त्यानंतर कितीतरी दिवस भाऊजी बसमध्ये कुणाशी बोलले नाहीत. नवी पोरं आपसात विचारू लागली की यांना बरं वाटत नाही का. मग एक दिवस ते ऑफिसात चौकशी करून आले. घराच्या वाढीव बांधकामाला पीएफमधून पैसे मिळतात, धंद्याला मिळत नाहीत. बरोबरचा एक जण म्हणाला, खोली बांधतो म्हणून लिही, पुढे तिथे गणपती ठेव नाहीतर म्हैस बांध, बघायला कोण येतंय? भाऊजींना ते पटेना. पीएफशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी खरोखरीची खोली बांधली. तिला खिडक्या केल्या, भिंतीला कॅलेंडर लावलं, कोपऱ्यात खाट टाकली, आणि माणूस झोपतो ती खोली या न्यायाने ते स्वतः तिथे झोपू लागले. बाकीच्या जागेत जमिनीपासून फळ्यांवर छतापर्यंत बिनडोळ्यांचे पांढरे गणपती आणि मधे खाटेवर आमचे भाऊजी. मूर्ती आणि रंगांना लागणारा पैसा ताईने आपल्या दोन बांगड्या मोडून उभा केला, त्याचं मात्र त्यांनी व्याजासकट टिपण ठेवलं.

प्लास्टरची भुकटी अंगावर पडून सकाळी त्यांचे केस, भुवया, मिशा सगळं पांढरं झालेलं असे. पहिल्या दिवशी ते तसेच चहाला आत आले. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आलं बघा तुमचं लाडकं म्हातारपण." दोघांचं बोलणं त्या दिवशी पुन्हा सुरू झालं.

पहिलं वर्ष वाईट गेलं. आषाढात जो पाऊस धरला तो सुटेचना. रंग वाळेनात, ओल आत राहून मूर्तींवर डाग उमटले आणि ज्या एकाच व्यापाऱ्याला सगळा माल द्यायचा होता त्याने तो नाकारला. ताई खोलीच्या दारात बसून राहिली होती. भाऊजींनी रजा काढली. बॉयलरवाला माणूस तो, उष्णता कशी खेळवायची ते त्याला कळत होतं. त्यांनी शेगड्या मांडल्या, भिंतीला वरच्या अंगाला भोकं पाडली, दमट हवा तिथून बाहेर पडू लागली. साधारण अर्ध्या मूर्ती वाचल्या. उरलेल्या अर्ध्यांचं नुकसान सोसावं लागलं. मी वाट बघत होतो की आता भाऊजी ताईला मागचं सारं ऐकवणार. ते शेगडीतले निखारे सारखे करत म्हणाले, "पहिल्या वर्षी पीएफसुद्धा एवढुसाच दिसतो." बस. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षापासून ताईने सगळा माल एका व्यापाऱ्याला द्यायचं बंद केलं. सगळ्या मूर्ती एका टेम्पोत भरायच्या नाहीत, असं ती म्हणे. धंदा हळूहळू मार्गी लागला. भाऊजींनी ते टेम्पोचं वाक्य उचललं आणि सगळा पैसा एकाच शेअरात का घालू नये हे बसमधल्या पोरांना त्यावरून समजावू लागले. ते मूळ ताईचं, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

कामाला तीन बायका येऊ लागल्या तसे भाऊजी अस्वस्थ झाले. एक दिवस त्यांनी ताईला सांगितलं की आता तू मालक, तेव्हा या बायकांच्या म्हातारपणाचा वाटा तुलाही भरावा लागेल. तीन बायकांच्या कारखान्याला असला काही कायदा लागत नाही, असं ताई म्हणाली. ते खरंच होतं. पण भाऊजींनी प्रत्येकीच्या नावाने पोस्टात खातं काढायचं ठरवलं, निम्मे पैसे मजुरीतून, निम्मे ताईचे. दोघी कबूल झाल्या. तिसरी हिराबाई, धरमतरच्या खाडीकडची, तिने मान हलवली.

"मना रोख पायजे, भावजी. म्हातारपन कुनी बगितलाय?"

"मी बघितलंय," भाऊजी म्हणाले. "माझा बाप मिठागरात होता. सत्तरीतसुद्धा घमेली उचलत होता. पायाला मिठाने भेगा पडलेल्या, त्या बुजायच्या नाहीत. आज नको जाऊ म्हटलं तर म्हणायचा, घरी बसलो तर खाऊ काय? शेवटचं पडला तोही आगरातच."

हे आम्ही कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. ताईनेही नाही. भाऊजींचे वडील त्यांच्या लग्नाआधीच वारले, एवढंच आम्हाला ठाऊक. हिराबाईने आपल्या पायांकडे बघितलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "ठेवा मंग. पन मना इचारल्याबिगर काडू नका."

तिचे गुडघे गेले आणि तिने काम सोडलं तेव्हा ते खातं तिच्या कामी आलं. पहिले पैसे काढले त्या दिवशी ती सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी घेऊन भाऊजींकडे आली आणि ओटीवर बसली. सुनेने आता भाकरी वाढताना आवाज खाली ठेवलाय, असं म्हणाली. ज्या विषयावर भाऊजी पेण ते रोहा न थांबता बोलत, त्यावर त्या दिवशी त्यांना एक शब्द सुचला नाही. त्यांनी चहा घेतेस का, म्हणून विचारलं आणि स्वतःच आत जाऊन ठेवला.

भाऊजी रिटायर झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. पैसा त्यांनी म्हटला होता तसा आला, पुरतोय, मुलांपुढे हात पसरावा लागत नाही. मागच्या थंडीत दोघं गाडी ठरवून महाबळेश्वरला जाऊन आली. परत आल्यावर मी भेटायला गेलो, तर भाऊजी अंगणात एकटेच बसले होते. सहल कशी झाली म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं की ताईचे गुडघे चालू देईनात, त्यामुळे प्रत्येक पॉइंटला ती गाडीत बसून राहायची, आणि हे जाऊन बघून यायचे नि तिला सांगायचे.

मग म्हणाले, "पंचविशीत होती तेव्हा म्हणाली होती, महाबळेश्वरला चला. बरोबरच्या बायका जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, रिटायर झाल्यावर निवांत जाऊ." त्यांनी अंगणातलं एक पान उचललं, बाजूला टाकलं. "पैशाला थांब म्हटलं तर तो वाढतो रे. मला वाटलं, सगळंच तसं असतं."

तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. "त्याला सांगा, मला काय सांगत होतात ते. दर वेळी येऊन एकच. दरी आहे, खोल आहे. एकदा तरी सांगितलंत का, हिरवी होती की कशी होती?"

भाऊजी खरोखरच विचारात पडले. डोळे मिटून त्यांनी एकेक पॉइंट आठवला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "हिरवी होती. आणि खाली, पार खाली, एक नदी होती. ती सांगायची राहिली."

"मग सांगा आता," ताई म्हणाली, आणि भिंतीला धरत धरत, हळूहळू बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली.