मोजणीसाहेबांनी ओढलेली सावली

मोजणीसाहेबांना निरभ्र आकाश आवडत नसे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हिवाळ्यातली एखादी सकाळ अशी उजाडते की पुण्याहून आलेले लोक गाडीतून उतरल्या उतरल्या छाती भरून श्वास घेतात आणि ‘काय हवा आहे!’ म्हणतात. अशा सकाळी मोजणीसाहेब कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढत नसत. “रिकामं आभाळ आहे,” ते म्हणत. “ह्यात बघायचं काय?” उलट पाऊस संपत आलेला, ढग रेंगाळलेले, ऊन येतंय-जातंय, वाटा निसरड्या, असा दिवस येणार असला की आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन हमखास येई. “उद्या हवा फार खराब आहे. येताय का?”

भोरच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो, लग्नं, बारशी, शाळांचे निरोप समारंभ ही सगळी कामं रंगीत, आणि ती त्यांचा मुलगा करी. मोजणीसाहेब स्वतः फक्त डोंगरांचे फोटो काढत, तेही काळे-पांढरे आणि फिल्मवर. फिल्म पुण्याहून मागवत आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत स्वतः धूत. कॅमेरा चौकोनी डब्यासारखा होता, वरून आत डोकावून बघायचा. मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करत होतो आणि त्यांच्यावर दोन कॉलमांचा मजकूर करायला पहिल्यांदा भोरला गेलो. तो छापून आल्यावर “फोटो लहान छापलाय” एवढीच प्रतिक्रिया त्यांनी दिली. त्यानंतर मात्र काही वर्षं मी त्यांच्याबरोबर डोंगर हिंडलो.

मोजणीसाहेब हे नाव त्यांना त्यांच्या लाकडी ट्रायपॉडमुळे मिळालं. पुण्याच्या लोकांनी या भागात फार्महाऊससाठी जमिनी घ्यायला सुरुवात केल्यापासून उतारावर तीन पायांचं काहीही उभं राहिलं की गावकरी त्याचा एकच अर्थ लावत: जमिनीची मोजणी आली. विंझरच्या वरच्या अंगाला त्यांनी एकदा ट्रायपॉड उघडला, तेव्हा कॅमेरा त्यावर चढायच्या आत एक गृहस्थ चपला हातात घेऊन शेतातून धावत वर आले.

“कुणी बोलिवली मोजणी? आमाला नोटीस न्हाई!”

“मोजणी नाही. फोटो काढतोय.”

“कुनाचा?”

“डोंगराचा.”

“डोंगराचा गट नंबर काय?”

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं त्या गृहस्थांचे चुलतभाऊ आले. त्यांचा मोजणीला विरोध नव्हता. “आलाच हायसा तर आमचंबी बघून जावा,” ते म्हणाले, आणि घरातून चहा आला. चहा देणाऱ्या बाईंनी हळूच सांगितलं, “साहेब, पट्टी धराल तवा जरा हिकडं सैल धरा.” मोजणीसाहेबांनी सुरुवातीची काही वर्षं असे गैरसमज दूर केले. पुढे त्यांनी चहा घ्यायला आणि त्या नावाला ओ द्यायला सुरुवात केली. सोबतच्या लोकांना ते समजावत, “नाही म्हटलं तर संशय वाढतो.”

रंग त्यांना दिसत होते, पण त्यांच्या लेखी रंगांना काही महत्त्व नव्हतं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, एका दिवाळीला हिरवी साडी नेसून त्यावर लाल ब्लाउज घातलं आणि शोभतं का म्हणून विचारलं. मोजणीसाहेबांनी एक डोळा मिटून निरखून पाहिलं.

“दोन्ही एकच येतं,” ते म्हणाले.

“काय एकच?”

“करडं.”

काकूंनी त्यानंतर विचारणं सोडून दिलं. घरी येणाऱ्या पाहुण्यांना त्या सांगत, “कपाट साड्यांनी भरलंय. पण ह्यांच्या हिशेबी माझ्याकडे एकच साडी आहे. करडी.”

डोंगरावर त्यांचं मुख्य काम वाट बघणं हे होतं. समोरच्या उतारावर ढगाची सावली ठरावीक ठिकाणी यावी म्हणून ते तासन्‌तास उभे राहत आणि अधूनमधून तिच्या प्रवासाचं वृत्त देत. “ओढा ओलांडला.” “नाचणीत शिरली.” “मागं वळली, तिची मर्जी.” आमचे डबे संपत, पाणी संपत येई, आणि ते ट्रायपॉडचे पाय मिटत म्हणत, “आज एकही काढला नाही. चांगला दिवस गेला.” राजगडावर सुट्टीच्या दिवशी कुणी फोटोच्या चौकटीत शिरू लागलं की ते “थांबा!” म्हणून ओरडत. लोक थांबत, पण चौकटीच्या मधोमध, केस सारखे करून, हसऱ्या चेहऱ्यानं. एका मंडळानं तर फोटो कुठल्या नंबरवर पाठवणार म्हणून त्यांना अर्धा गड खाली येईपर्यंत छळलं.

स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो टांगलेला होता. त्याला पुण्यातल्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. खाली नाव होतं ‘तोरणा’. फोटोत तोरणा नव्हता.

“तोरणा कुठाय?” गिऱ्हाईक विचारी.

“ढगात.”

“मग फोटो कशाचा?”

“सावलीचा.”

आणि खरोखरच, गडाखालच्या लख्ख उतारावर ढगाची एक काळीभोर सावली अशी काही उतरली होती की पाहणारा गप्प होई. तो गप्प झाला की मोजणीसाहेब त्यांचं ठरलेलं वाक्य टाकत: “काळ्या-पांढऱ्यात लबाडी चालत नाही. रंग आला की माणूस फसतो.” हे वाक्य त्यांनी पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या लोकांनाही ऐकवलं होतं.

या फोटोपायी एके दिवशी दोन भाऊ भोरला आले. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतले, थोरला दगडू आणि धाकटा मारुती. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. नसरापूरला गाडी बदलून एकाच एसटीनं आले, पण एक ड्रायव्हरच्या मागे बसला होता आणि दुसरा शेवटच्या बाकावर. त्यांच्यात बोलणं नव्हतं. वाद बांधाचा होता. दोघांच्या शेतांच्या मधे एक मोठा धोंडा होता आणि जवळच एक जांभळाचं झाड. झाड म्हणजेच बांध, हे दोघांनाही मान्य होतं. पण झाड वादळात पडलं, पुढे मारुतीनं जमीन सपाट करायला जेसीबी लावला त्यात बुंधाही निघून गेला आणि मग वाद सुरू झाला. समोरच्या टेकाडावरून बघितलं तर डावीकडचं शेत दगडूचं आणि उजवीकडचं मारुतीचं. दगडूच्या म्हणण्यानुसार झाड धोंड्याच्या उजव्या अंगाला होतं, मारुतीच्या म्हणण्यानुसार डाव्या. मधल्या पट्ट्यातून दगडूच्या विहिरीची वाट जात होती. मारुती आपली जमीन पुण्याच्या एका माणसाला विकायच्या बेतात होता आणि तो माणूस भिंत घालणार होता. भिंत कुठे पडते यावर दगडूला विहिरीपर्यंत जाता येणार की नाही, हे ठरणार होतं. वाडीतल्या जाणत्या मंडळींपैकी निम्म्यांना झाड उजवीकडे आठवत होतं आणि निम्म्यांना डावीकडे. कोणाचं जेवणखाण कोणाकडे होतं, यावर ते अवलंबून होतं.

मी दिवाळी पुरवणीसाठी फोटो न्यायला आलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

“साहेब, तुमी आमच्या समोरच्या टेपाडावर दिसभर हुबं हुता,” दगडू म्हणाला. “आमच्याकडं च्या पेला हुता. तवा झाड हुतं. त्यो फोटू दाखवा.”

“दाखवाच,” मारुती भिंतीकडे बघत म्हणाला. “म्हंजी काई लोकांची तोंडं बंद हुत्याल.”

मोजणीसाहेब खूश झाले. आपल्या कलेचा असा उपयोग होईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. फ्रेम खाली उतरवून त्यांनी ती टेबलावर ठेवली, काच पुसली आणि ठरलेलं वाक्य उच्चारलं. काळ्या-पांढऱ्यात लबाडी चालत नाही. दोघं भाऊ दोन बाजूंनी वाकले.

“झाड कुठाय?” दगडू म्हणाला.

“धोंडाबी न्हाई,” मारुती म्हणाला. मग त्यानं फोटोवर बोट ठेवलं. “दादा, हितंच पायजे की.”

“व्हय, हितंच. ही दगडी ताल, ह्यो उतार. हितंच.”

वाद सुरू झाल्यापासून दोघं भाऊ एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते. मग दोघांनी एकदम मोजणीसाहेबांकडे पाहिलं.

मोजणीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “झाड सावलीत गेलंय.”

“भर दुपारी कसली सावली?”

“ढगाची.”

“बरुबर झाडापुरतीच?” दगडूनं सावलीच्या कडेवरून बोट फिरवलं.

“मी जरा पुढं ओढली.”

“काय वढली?”

“सावली.”

“ढगाची सावली वढता येती?”

“मागच्या खोलीत येते.”

फोटो कागदावर उतरवताना बाकीचा कागद हातांनी झाकून एखाद्या भागावर जास्त वेळ उजेड पाडला की तो भाग गडद होतो. उन्हात उभं राहिलेलं ते झाड सावलीच्या कडेला टोचत होतं, म्हणून मोजणीसाहेबांनी तेवढ्या भागावर उजेड पाडून सावली वाढवली होती आणि झाड-धोंडा दोन्ही तिच्यात बुडवले होते. काळे-पांढरे फोटो छापणारे सगळेच असं करतात आणि त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. मोजणीसाहेबांनीही तोवर म्हटलं नव्हतं.

“म्हंजी आमचं झाड तुमी खाल्लं,” मारुती म्हणाला.

यावर मोजणीसाहेबांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.

थोड्या वेळानं ते आत गेले आणि निगेटिव्ह घेऊन आले. निगेटिव्हमध्ये झाड होतं, धोंडाही होता, फक्त काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं. दगडूनं फिल्म उजेडात धरली आणि ओरडला, “उजवीकडं! बघा, उजवीकडं!” मारुतीनं त्याच्या हातातून ती घेतली, उलटी करून धरली आणि तितक्याच जोरात म्हणाला, “डावीकडं!” फिल्म दोन्ही बाजूंनी आरपार दिसते. दोघांचंही म्हणणं खरं ठरत होतं आणि दोघंही समाधानी दिसत होते. गड फोटोत असता तर त्यावरून दिशा कळली असती, पण गड ढगात होता.

“हे बघा,” मोजणीसाहेब म्हणाले, “कडेला इंग्रजी अक्षरं आहेत. ती सुलटी वाचता येतात ती सुलटी बाजू.”

“इंग्रजीची साक्ष आमी मानत न्हाई,” मारुती म्हणाला.

शेवटी मोजणीसाहेबांनी मागच्या खोलीचा दरवाजा उघडला. “आत या दोघंही. तुमच्यादेखत छापतो. हात खिशात ठेवून.”

ती खोली एका माणसापुरती होती. आम्ही चौघं तिच्यात दाटीवाटीनं उभे राहिलो. लाल दिवा, औषधांचा आंबूस वास, आणि दोन भाऊ खांद्याला खांदा लावून ट्रेवर वाकलेले, कारण त्या खोलीत वेगळं उभं राहायला जागाच नव्हती. अक्षरं सुलटी आहेत, हे मोजणीसाहेबांनी दोनदा तपासलं. मग फिल्ममधून कागदावर उजेड पाडला, तो कोरा कागद औषधात सोडला आणि ट्रे हलवायला सुरुवात केली. काही वेळ कागद कोराच राहिला. जे सगळ्यात गडद असतं ते अशा वेळी आधी उमटतं. एक ठिपका आला, वाढला, त्याला वरच्या अंगाला फाटे फुटले.

“आलं!” मारुती ओरडला. “दादा, झाड आलं! त्ये बघ, धोंडाबी येतुया... ह्यो हिकडं धोंडा, आन्‌ उजवीकडं आपलं...”

पुढचा शब्द त्यानं गिळला. मोजणीसाहेब चिमटा हातात घेऊन तसेच उभे होते. कागद आणखी काळा पडायला लागला तेव्हा त्यांनी तो घाईनं दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला.

बाहेर उजेडात आल्यावर मारुती बराच वेळ पायांत चपला घालत होता. “वाट त्याची हाय,” तो म्हणाला. हे त्यानं सांगितलं ते मला, पण ऐकायचं ज्यानं होतं त्यानं ऐकलं. भिंत पुढे धोंड्यापासून लांब, जांभळाच्या जागेपलीकडे पडली. अशा फोटोला कचेरीत काय किंमत असते, मला माहीत नाही. तशी वेळ आली नाही. जाताना दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले की एका, हेही मी पाहिलं नाही.

मोजणीसाहेबांनी बक्षिसाचा फोटो भिंतीवरून काढला आणि झाड असलेला लावला. तो तितका चांगला नव्हता. सावलीची कड तुटत होती आणि झाड मधेच उगवल्यासारखं दिसत होतं. जुनी गिऱ्हाइकं आधीचा चांगला होता म्हणत. “होता,” ते मान्य करत. त्यांचं ठरलेलं वाक्यही बदललं. “काळ्या-पांढऱ्यातही लबाडी करता येते,” ते आता सांगत, “पण मेहनत फार लागते.”

मोजणीसाहेब मागच्या हिवाळ्यात गेले. त्याआधी काही महिने मी भोरला त्यांना भेटलो, ती शेवटची भेट. आम्ही बोलत बसलो असताना मारुती दारात येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या फोटोतलं फक्त झाड मोठं करून हवं होतं त्याला. मोजणीसाहेबांनी समजावलं की मूळ फोटोत झाड नखाएवढं आहे, मोठं केलं तर नुसते ठिपके दिसतील. तो म्हणाला, चालंल. तासाभरानं ते आतून ओला कागद घेऊन आले. त्यावर जे होतं त्याला झाड म्हणावं की धूर, हे मला सांगता आलं नसतं.

मारुतीला काही अडचण आली नाही. “ही मोठी खांदी,” तो बोटानं दाखवत म्हणाला. “हितनं म्या पडलो हुतो ल्हानपणी. दादानं खांद्यावर घिऊन विंझरपातुर न्हेलं. पाय मोडल्याला माजा, आन्‌ सगळ्या वाटंनं रडत हुता त्यो.” मग त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. “ह्येचे दोन द्या.”

“दोन कशाला?” मोजणीसाहेबांनी विचारलं.

“एक दादाच्या घरात लावतो,” मारुती म्हणाला. “न्हायतर परत भांडान हुईल, झाड कुणाकडं म्हणून.”