काळ्या रेघांचा पाट

मधुकर गेल्याचं सुनंदावहिनींनी मला फोनवर सांगितलं आणि त्याच्या थोरल्या भावाला मी. भावानं विचारलं, "दहावा गावाकडंच करायचा ना?" आणि लगेच, "ती पण येणार का?" ती म्हणजे वहिनी, मधुकरची बायको. दुसऱ्या जातीची.

मी मधुकरचा मित्र; वाळूजच्या कारखान्यात हिशेब तपासतो, आकडा वाढवून सांगत नाही. मधुकर-वहिनींच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यांच्या पुंडलिकनगरच्या घरात भाऊ शून्य वेळा जेवले. थोरला एकदाच आला, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. पाणी नको म्हणाला. मधुकर कॉलेजात बुरशी शिकवायचा. कुजायला लागलेल्या आंब्याच्या ओंडक्यातून त्यानं पाट करून घेतला होता, त्यावर वेड्यावाकड्या काळ्या रेघा. भावानं दारातूनच विचारलं, "हा काय वाटणीचा नकाशा?"

"व्हय दादा," मधुकर म्हणाला. "पण ह्या बुरश्यांनी मोजणीवाला नाय बोलावला."

मग त्यानं समजावलं होतं... एकाच जातीच्या बुरशीचे दोन वेगळे जीव लाकडात भेटले की त्यांचे धागे आधी एकमेकांत मिसळतात. ठरावीक जनुकं जुळली तर दोघं एक होतात. न जुळली तर मिसळलेली पेशी मरते, आणि दोघंही सीमेवर काळी भिंत घालतात.

"म्हणजे बुरशी पण जात पाळते!" भाऊ खूश झाला.

"पाळते ना. पण आधी भेटते, दादा. तुम्ही तर चप्पलही नाय काढली."

भावाला ते कळलं नाही. कळण्यासाठी बुरशीइतकी तरी चौकशी लागते.

दहाव्याला वहिनींना नेलंच नाही. "लोक नावं ठेवतील," म्हणे. सिल्लोडकडच्या त्या गावात मोठी पंगत उठली, भावानं माइकवरून 'आमचा मधू' म्हणत डोळे पुसले. ज्याच्या घरचं पाणी चाललं नाही, त्याच्या नावाचे लाडू मात्र आग्रहानं वाढले. मी न जेवता परतलो.

महिन्याच्या तिथीला वहिनींनी घरीच पान वाढलं. गेलेल्याच्या जागी कुणाला तरी जेवू घालतात. त्यांनी तोच पाट मांडला.

"बसा, भाऊजी."

"मी? मी ना तुमच्या जातीचा, ना त्याच्या."

"भाकरी गार होतेय," त्या म्हणाल्या.

बसलो. दुसऱ्या भाकरीची वाट बघताना मधुकर पाटावरच्या रेघेवरून बोट फिरवत बसायचा. मीही फिरवलं... रेघ दिसते ठळक. बोटाला लागत नाही.