मलप्पाचा पुकारा

"आवाज असा काढावा, की आडाच्या तळाला कळावं," असं मलप्पा सदा म्हणायचा. तो कोर्टाचा शिपाई. पायरीवर उभं राहून लोकांची नावं पुकारायचा. लातूर जिल्हा वेगळा झाला, औशाच्या वाटेवर हे नवं कोर्ट उघडलं, तेव्हापासून ती पायरी त्याचीच. चहाच्या टपरीवरचे म्हणायचे, "मलप्पा, आडात आता नुसता तळच ऱ्हायलाय. सांभाळून वरड." तो विभूती लावलेलं कपाळ वर करून हसायचा.

आड आटवणाऱ्या त्याच दुष्काळात जगदेवीचा खटला उभा राहिला. ती दुष्काळी कामावर खडी फोडायची. किशन मुकादमानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. नव्या कायद्यानं तिची साक्ष बंद दाराआड व्हायची होती, नाव चव्हाट्यावर यायचं नव्हतं. पण पहिल्या तारखेला मलप्पानं नेहमीसारखं तिचं नाव घसा ताणून पुकारलं. ती बायकांतून उठली आणि मुकादमाच्या माणसांनी तिला घेरलं. कुणी हात लावला नाही. नुसते वाट अडवून हसत राहिले. पोर आईचा पदर धरून तशीच माघारी गेली. हातोड्यानं नख गेलेला तिचा अंगठा तेवढा मलप्पाच्या डोळ्यांत राहिला.

दुसरी तारीख आली. आजही साक्ष झाली नाही, तर मुकादम सुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच दिवशी विधिमंडळाची समिती आली.

शेषेराव कारकून लगबगीनं म्हणाला, "मुंबईहून आमदार आलेत. बायांसाठीचा नवा कायदा आपल्याकडं कसा चालतोय, ते बघायला. आज आवाज खणखणीत काढ. इज्जत हाय आपली!"

मलप्पानं बाहेर पाहिलं. लिंबाखाली बाया बसलेल्या, उन्हानं सगळ्यांचे पदर नाकापर्यंत ओढलेले. टपरीवर मुकादम, आणि भोवती त्याची माणसं. कान पायरीकडं. नाव आलं, बाई उठली, की झालं.

मलप्पानं पाण्याची बादली उचलली.

"आरं, आधी पुकार!" शेषेराव ओरडला.

"तहानल्यात बाया," म्हणत तो लिंबाखाली गेला. एकेकीच्या ओंजळीत तांब्यानं पाणी घालत चालला. टपरीवरून कुणी हसलं, "कोर्ट सोडून पाणक्या झालास का रं?" एका ओंजळीपाशी धार थांबली. त्या अंगठ्याला नख नव्हतं.

"माय," तो वाकून पुटपुटला, "मी पुकारलं की मागल्या दारानं आत जा."

ओंजळीतलं पाणी सांडलं. शेजारी तिची आई सरजाबाई. तिनं लेकीचा हात घट्ट धरला.

मलप्पा पायरीवर चढला. छाती भरून घेतली. आणि आडाच्या तळाला कळावा असा आवाज काढला:

"आरोपी किशन मुकादम, हाजिर हो! किशन मुकादम!"

सगळा बाजार मुकादमाकडं वळला. त्याची माणसं गडबडून पायरीकडं धावली, "ये म्हाताऱ्या, त्याचं नाव का घेतोस?" मलप्पानं ते नाव परत पुकारलं, आणखी वर. लिंबाखालच्या दोघी भिंतीच्या कडेनं मागल्या दाराशी गेल्या. लेक आत गेली, दार लागलं.

समितीतल्या आमदार बाई व्हरांड्यात आल्या. "साक्ष मुलीची होती ना? मग नाव कुणाचं घेतलं?"

"चुकला, बाईसाहेब. वय झालंय," शेषेराव म्हणाला.

"आज न्हाई चुकलो," मलप्पा म्हणाला. "मागल्या तारखेला चुकलो हुतो. तिचं नाव साऱ्या बाजाराला सांगितलं, मग दार लावून काय उपेग?"

आमदार बाई शेषेरावाकडं वळल्या. "मघाशी तुम्ही म्हणालात, सगळं कायद्यानं चालतं."

शेषेरावानं घाम पुसला. त्या आत गेल्यावर दातओठ खाऊन म्हणाला, "उद्यापासून पायरीवर दिसू नको."

बादलीत उरलेलं पाणी मलप्पानं लिंबाच्या बुडाला ओतलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि औशाच्या वाटेला लागला.

बंद दाराबाहेर सरजाबाई बसली होती. आतून लेकीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. तो वळणाआड जाईस्तोवर ती बघत राहिली.